प्रतीक्षायादीतले बाळ

जवळची माणसे आपल्याला सोडून जातील अशी ज्याला कायमची धास्ती आहे, त्याने एकामागून एक अनोळखी माणसांना ईमेल पाठवावेत, उत्तराची दिवसेंदिवस वाट पाहावी, 'सध्या नवे क्लायंट घेत नाही' हा नकार हसतमुखाने पचवावा आणि हे सारे यथासांग पार पडल्यावरच त्याला त्या धास्तीवरचा उपचार मिळावा, ही व्यवस्था ज्याने आखली त्याच्या विनोदबुद्धीला माझा नमस्कार आहे. पोहायला शिकायचे असेल तर आधी नदी ओलांडून पलीकडच्या काठावरच्या वर्गात नाव नोंदवा, असे सांगण्यापैकीच हा प्रकार आहे. अटॅचमेंटवर, म्हणजे जवळच्या माणसांशी जडणाऱ्या भावनिक बंधावर, आधारित थेरपी करणारा समुपदेशक शोधण्याच्या काळात मी या काठावर बराच वेळ बसून काढला, आणि बसल्या बसल्या माणूस वाचन करतो तसे मीही पुष्कळ वाचन केले.

अटॅचमेंटचा सिद्धान्त मुळात ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचा. मूल आईला बिलगते ते केवळ दुधासाठी नव्हे. भीती वाटली की ज्याच्याकडे धाव घ्यावी असे हक्काचे माणूस असणे ही त्याची जन्मजात गरज असते, हे त्यांनी १९५८ सालच्या एका निबंधात आणि पुढे तीन जाडजूड खंडांत मांडले. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी वर्षभराच्या बाळांसाठी एक प्रयोग बेतला. अनोळखी खोली, थोडी खेळणी, एक परकी बाई, आणि जेमतेम वीस मिनिटांत दोनदा बाहेर जाऊन परत येणारी आई. गंमत अशी की आई गेल्यावर बाळ किती रडते यापेक्षा ती परतल्यावर ते काय करते, याला त्यात अधिक महत्त्व असते. निर्धास्त बाळ बिलगते, शांत होते आणि पुन्हा खेळू लागते. काही बाळे आई आल्याची दखलच न घेता खेळण्यात डोके घालतात. काही मात्र आईला घट्ट धरतात आणि त्याच वेळी हातपाय झाडून तिच्यावर रागही काढतात.

माझा गट कोणता, हे कळायला मला कोणत्याही प्रयोगशाळेत जावे लागले नाही. एका समुपदेशिकेला मी सविस्तर ईमेल पाठवला होता. तिचे उत्तर येईपर्यंत मी तो ईमेल इतक्या वेळा वाचला, की त्यातल्या स्वल्पविरामांविषयीही माझ्या मनात शंका उत्पन्न झाल्या. अखेर उत्तर आले तेव्हा ते मी त्याच क्षणी उघडले, दोनदा वाचले, आणि आता आपणही लगेच उत्तर द्यायचे नाही असा बाणेदार निश्चय करून फोन पालथा ठेवला. पत्नी समोरच बसली होती. "तुला समुपदेशक हवाय की आई?" तिने विचारले. बोल्बींनी तीन खंड लिहून जे सांगितले ते हिने एका वाक्यात उरकले, याचा मला त्यांच्या वतीने थोडा रागच आला.

समुपदेशकांच्या यादीत शोध घेणे हे स्वतंत्र शास्त्र आहे. प्रत्येकाच्या नावापुढे तो वापरत असलेल्या पद्धतींची रांग असते आणि रकान्यात खूण करायला काहीच खर्च येत नसल्यामुळे बहुतेकांनी सगळ्याच खुणा केलेल्या असतात. विचारांवर काम करणारी, वर्तनावर काम करणारी, सुप्त मनावर काम करणारी, श्वासावर काम करणारी आणि अटॅचमेंटवर काम करणारी थेरपी एकच व्यक्ती करते, आणि तीही नैराश्यापासून निद्रानाशापर्यंत सर्व तक्रारींवर. म्हणून मी शोध अधिक काटेकोर केला, तर 'अटॅचमेंटवर आधारित कौटुंबिक थेरपी' समोर आली. ती पद्धतशीर आहे, तिच्यावर संशोधनही झाले आहे. पण ती गाय डायमंड आणि सहकाऱ्यांनी नैराश्यात सापडलेल्या किशोरवयीन मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी तयार केलेली आहे. माझे केस पांढरे होऊ लागले आहेत. वडिलांना शेजारी बसवून 'तुम्ही माझ्यासाठी का नव्हता?' असे विचारले, तर ते 'कधी? कितव्या तारखेला?' असे विचारतील, याची मला खात्री आहे. दुसरी वाट स्यू जॉन्सन यांनी विकसित केलेल्या जोडप्यांच्या थेरपीची. तिचाही पाया अटॅचमेंटचाच, पण तिला दोन माणसे लागतात. पत्नीने ते पान शेवटपर्यंत वाचले आणि आपल्याला बरे वाटत असल्याचे सांगितले.

इथे एक गोष्ट विनोद बाजूला ठेवून सांगायला हवी. जवळजवळ याच नावाने मुलांना बळजबरीने जखडून ठेवणारे 'उपचार'ही एके काळी चालत असत. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २००० साली अशाच एका प्रकारात दहा वर्षांची मुलगी गुदमरून मेली आणि पुढच्या वर्षी त्या राज्याने त्यावर बंदी घातली. बोल्बींच्या सिद्धान्ताशी त्याचा काडीचाही संबंध नाही. त्यामुळे 'अटॅचमेंट' एवढी पाटी पाहून आत शिरू नये. तुम्ही नेमके काय करता, कुठे शिकलात, तुमच्या कामावर देखरेख कोण करते, हे सरळ विचारावे. विचारल्याने ज्याला राग येतो, त्याने आपले उत्तर दिलेलेच असते.

मी विचारू लागलो. एका गृहस्थांनी "मी क्लायंटच्या गरजेप्रमाणे सगळंच करतो" असे सांगितले, आणि माझी गरज काय आहे हे विचारायचे मात्र राहून गेले. दुसऱ्या बाईंनी दहाव्या मिनिटाला माझा प्रकार ओळखला, माझ्या पत्नीचा ओळखला आणि वेळ उरला म्हणून माझ्या आईचाही ओळखला.

तिसरी भेट व्हिडिओ कॉलवर होती आणि ती सुरू होताच समुपदेशिकेचा चेहरा पडद्यावर गोठला. शास्त्राच्या इतिहासात याला पूर्वपीठिका आहे. एड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात आयांना काही मिनिटे बाळासमोर चेहरा निर्विकार ठेवायला सांगितले होते. बाळे आधी हसून पाहतात, मग बोट दाखवतात, मग ओरडतात आणि शेवटी तोंड फिरवतात. मी प्रथम हसलो. मग हात हलवला. मग "ऐकू येतंय का?" हे चढत्या आवाजात विचारले. शेवटी तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहू लागलो, तोच आवाज आला, "तुमचं नेट गेलं होतं बहुतेक. मी इथेच होते."

या बाईंसाठी मी जय्यत तयारी केली होती. मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढांसाठी बेतलेल्या मुलाखतीत लहानपणीच्या आईबरोबरच्या नात्याचे वर्णन करणारी पाच विशेषणे विचारतात आणि मग प्रत्येक विशेषणासाठी एखादा प्रसंग सांगायला लावतात. बालपण सुखाचे होते की दुःखाचे यापेक्षा माणूस त्याविषयी किती सुसंगत बोलतो, हे त्यात तपासतात. मी पाचही विशेषणे पाठ केली होती. घरी रंगीत तालीम घेताना पत्नीने 'प्रेमळ' या पहिल्याच विशेषणाचा प्रसंग विचारला आणि मी पाणी प्यायला उठलो.

बाईंनी विशेषणे विचारलीच नाहीत. प्रौढांसाठी ही काही ठरावीक पायऱ्यांची पद्धत नसते, असे त्या म्हणाल्या. पूर्वीच्या नात्यांत लागलेल्या सवयी इथल्या नात्यातही उमटतात, त्या उमटल्या की दोघांनी मिळून पाहायच्या; मी कधी तुम्हाला चुकीचं समजेन, तेव्हा ते सांगायचं. त्यांनी आपले प्रशिक्षण सांगितले, देखरेख कोण करते ते सांगितले आणि मी विचारण्याआधीच, रजेवर जायचे असेल तर पुष्कळ आधी कळवते, हेही सांगितले. मी यादीतल्या शेवटच्या प्रश्नावर खूण केली.

"निर्णयाला वेळ घ्या," त्या म्हणाल्या. "मला काही घाई नाही."

"म्हणजे मी नाही आलो तरी तुम्हाला चालेल?" हे मी मनात म्हटले असावे अशी माझी समजूत होती, परंतु त्या हसू लागल्या.

"गुरुवारी साडेपाचला या," त्या म्हणाल्या. "हाच प्रश्न घेऊन."