सरकारी ओपीडीत अँटिबायोटिक देत नाहीत म्हणजे गरिबाला कटवतात?

ग्रुपवर मेसेज फिरतोय की सरकारी दवाखान्यात गरिबाला नुसती पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवतात, ‘पावरफुल गोळी’ फक्त पैसेवाल्यांना. हे चुकीचं आहे. साध्या सर्दी-खोकल्याला बहुतेक वेळा व्हायरस कारण असतो आणि त्यावर अँटिबायोटिक चालतच नाही, मग ती फुकट मिळो नाहीतर पाचशेला. लहान पोराच्या साध्या जुलाबातही खरं औषध ओआरएस आणि १४ दिवस झिंक, पण शौचात रक्त दिसलं किंवा धाप लागली तर लगेच परत दाखवा, तिथे अँटिबायोटिक लागू शकते. आणि प्लीज, पाकिटावर लाल रेघ असलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मेडिकलवाल्याकडून दोन-दोन सुट्या घेऊ नका, चिठ्ठी नसताना त्याने त्या द्यायच्याच नसतात.