बारा वर्षं राहिला म्हणून भाडेकरू मालक होत नाही

घरमालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरत असतो: 'भाडेकरू १२ वर्षं राहिला की घर त्याचं, सुप्रीम कोर्टाचा निकाल. तो अजून भाडेकरूच आहे हे कोर्टात मालकालाच सिद्ध करत बसावं लागतं. म्हणून पावती देऊ नका, भाडं रोखीने घ्या.' यातली पहिली दोन विधानं चुकीची आहेत. तिसरा सल्ला तर मालकालाच बुडवणारा आहे.

आधी निकालाचं पाहू. २०१९ साली रविंदर कौर ग्रेवाल खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रतिकूल ताब्याने हक्क मिळालेला माणूस केवळ बचावातच नाही, तर स्वतः दावा लावूनही तो हक्क मागू शकतो. प्रतिकूल ताबा म्हणजे मालकाचा हक्क उघडपणे झुगारून सलग १२ वर्षं ठेवलेला ताबा. भाडेकरू मालकाच्या परवानगीने आत आलेला असतो. तो वीस वर्षं राहिला, मधली पाच वर्षं भाडं थकवलं, तरी तेवढ्याने त्याचा ताबा प्रतिकूल ठरत नाही. १२ वर्षांचा आकडा मालकाला लागू होतो तो वेगळ्या ठिकाणी: भाडेकरार कायदेशीररीत्या संपवल्यानंतर ताब्याचा दावा लावायला मुदत कायद्याने तेवढीच मुदत दिली आहे. तेव्हा नोटीस देऊन स्वस्थ बसू नये, हे मात्र खरं.

दुसरं विधान पटकन पटतं, कारण 'जो म्हणतो त्याने सिद्ध करावं' हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो. पण चालू नात्यांसाठी कायद्यात स्वतंत्र तरतूद आहे. १८७२ च्या साक्ष्य कायद्याचं हे कलम १०९, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ११२. भागीदार-भागीदार, घरमालक-भाडेकरू, धनी आणि त्याचा एजंट: दोघं या नात्याने वागत आले एवढं दाखवलं की पुरे. नातं नव्हतंच किंवा संपलं, असं जो म्हणेल त्याने ते सिद्ध करायचं. हे मला अगदी रास्त वाटतं. नातं आजही चालू आहे याचा रोज नवा पुरावा कोण कुठून आणणार? ते संपायला मात्र काहीतरी घडावं लागतं: नोटीस जाते, किल्ल्या परत दिल्या जातात, डिपॉझिट परत होतं. ते दाखवता येतं.

हा नियम मालकालाही बांधतो. 'याने खोली २०१५ मध्येच सोडली होती, आता घुसून बसलाय' असं मालक म्हणाला, तर खोली सोडल्याचा पुरावा मालकाने द्यायचा.

आता पावती. महिना, रक्कम, खोली नंबर आणि स्थळप्रतीवर भाडेकरूची सही. असं पावतीपुस्तक कपाटात असेल, तर दोघं मालक-भाडेकरू म्हणून वागत होते हे दाखवायला दुसरं फारसं काही लागत नाही. बँकेतून आलेलं भाडंही तेच काम करतं. रोखीने, बिनपावतीचं भाडं घेणारा मालक हा पुरावा आपल्या हाताने नाहीसा करतो आणि 'मी कधी भाडं दिलंच नाही, मी भाडेकरू नव्हतोच' म्हणायला समोरच्याला वाट मोकळी करून देतो.

महाराष्ट्रात तर पावती देणं मालकाला बंधनकारकच आहे. शिवाय १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. तसा करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोडून काढण्याचं ओझं मालकावर येतं.