एवढं जातोच आहोत तर...

आमच्या मजल्यावरच्या शीख पाजींनी जिन्यात गाठून सांगितलं, "नांदेडला चला आमच्याबरोबर. शनिवार-रविवार गुरुद्वारात गुरमत, म्हणजे गुरूंच्या शिकवणीचं, शिबिर आहे. पहाटे नितनेमाचा पाठ, मग कीर्तन, दुपारी लंगरमध्ये सेवा, संध्याकाळी रहिरासची प्रार्थना. राहायचं-जेवायचं सगळं गुरूच्या घरी. डोक्यावर बांधायला रुमाल तेवढा आणा." पाजी सायन कोळीवाड्यात वाढलेले, त्यामुळे त्यांचं मराठी आमच्या चिरंजिवांपेक्षा शुद्ध.

जेवणाची काळजी नाही, मुक्कामाची नाही. मग ठरवायचं काय? या विचारानेच घरात अस्वस्थता पसरली आणि रात्री बैठक बसली.

पहिला मुद्दा आत्याचा. आत्या वारकरी. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांचे 61 शबद, म्हणजे पदं, आहेत, हे तिला पाजींनी सांगावं लागलं नाही. "नांदेडला चाललोय म्हणजे नरसी नामदेव करायलाच हवं," ती म्हणाली, "एवढं जातोच आहोत तर..." या वाक्याने आमच्या घरातल्या एकाही सहलीचं आजवर भलं केलेलं नाही. नरसीच्या मागोमाग औंढा नागनाथ आला. एक ज्योतिर्लिंग करून दुसरं सोडणं बरं दिसत नाही, म्हणून परळी वैजनाथ आला. माहूरची रेणुका तर बायकोच्या माहेरची कुलदेवता. माहूर नांदेडपासून शंभरावर किलोमीटर आहे, हे मी मोबाइलवर नकाशा काढून दाखवलं.

"पण जिल्हा तोच ना?" बायको म्हणाली.

पाजींना ही यादी कळली तेव्हा ते आमच्या सोफ्यावर शांत बसून राहिले. मग त्यांनी आत्याला समजावलं, की नांदेडचं हुजूर साहिब म्हणजे शिखांच्या पाच तख्तांपैकी, सर्वोच्च धर्मपीठांपैकी, एक. गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये इथेच देह ठेवला, त्याआधी ग्रंथालाच गुरुपद दिलं. लोक थेट अमृतसरहून सचखंड एक्स्प्रेसने येतात. "आत्या, तिथे फिरायचं नसतं, बसायचं असतं."

"बसू की," आत्या म्हणाली. "दुपारी किती वाजता सोडतात?"

भावोजींचा प्रश्न वेगळाच. ते ताईबरोबर यायला एका पायावर तयार होते, पण त्यांच्या शर्टाच्या खिशात चुना-तंबाखूची डबी हृदयाच्या बरोबर वर असते, आणि ती तिथून हलली तर दोन्हींचे ठोके चुकतात. गुरुद्वारात तंबाखू अजिबात चालत नाही, हे ऐकल्यावर त्यांनी हद्दीची चौकशी सुरू केली. बंदी दरवाजापासून, की यात्री निवासापासून? "स्टेशनचं नावच हुजूर साहिब नांदेड आहे," मी म्हणालो. भावोजी गप्प झाले. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "परभणी?"

सेवेची नावं पाजींना आधी कळवायची होती. ताईने रोट्या लाटणं घेतलं. माझ्या नावापुढे बायकोने कुणालाही न विचारता 'भांडी' लिहिलं.

या सगळ्यात तिकिटं राहिली. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि आमचं एकमत साठाव्या दिवशी होत नाही. आम्ही देवगिरी एक्स्प्रेसवर शिक्कामोर्तब केलं तोवर वेटिंग लिस्ट गुरुद्वाराच्या पंगतीएवढी झाली होती, त्यात सोमवारी सुट्टी. उरलं तत्काळ. एसीचं तत्काळ दहाला, स्लीपरचं अकराला. दहाला सगळं घर वेगवेगळ्या मोबाइलांवर तुटून पडलं. ताईचा ओटीपी भावोजींच्या फोनवर आला, भावोजी संडासात. माझे पैसे कापले गेले, तिकीट आलं नाही. अकराला पुन्हा तोच यज्ञ, आणि अखेर चिरंजिवांना स्लीपर मिळाला. सगळे अप्पर आणि मिडल. आत्याच्या गुडघ्यांनी तिकीट पाहूनच कुरकुर सुरू केली.

परतीचं मात्र जमेना. रविवार रात्रीचं वेटिंग तीन आकडी. बायकोने भडंगाचा डबा भरता भरता थांबून माझ्याकडे पाहिलं. लंगर असताना भडंग कशाला, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. मी पाजींचं दार वाजवलं.

"पाजी, रविवारचं परतीचं तिकीट मिळत नाहीये."

"मग काय झालं? गुरूचं घर आहे, सोमवारी निघा. घाई कसली?"

आमच्या उघड्या दारातून आत्याचा आवाज आला, "ऐकलंस का गं? माहूर बसतंय!"