शाळेचं दार किलकिलं तरी ठेवा

हे लिहितेय ऑगस्ट २०२१ मध्ये, कोविडच्या साथीत. १७ ऑगस्टपासून खेड्यांत पाचवी ते सातवीचे आणि शहरांत आठवी ते बारावीचे वर्ग भरणार, असा शासन निर्णय महाराष्ट्रात निघाला आणि टास्क फोर्सने, म्हणजे कोविडबाबत सरकारला सल्ला देणाऱ्या डॉक्टरांच्या गटाने, हरकत घेतल्यावर दोन-तीन दिवसांत थांबलाही. त्याच आठवड्यात अकरावी प्रवेशाची सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, उच्च न्यायालयाने रद्द केली. १५ ऑगस्टपासून मॉल उघडायला आणि हॉटेलं रात्री दहापर्यंत चालवायला परवानगी मिळाली. मी राहते इंग्लंडमध्ये, लेस्टरला. इथे याच आठवड्यात ए लेव्हल आणि जीसीएसईचे, म्हणजे ढोबळमानाने आपल्या बारावी-दहावीचे, निकाल लागले. त्यामुळे सकाळी मराठी वर्तमानपत्रं आणि संध्याकाळी इथल्या बातम्या, दोन्हीकडे एकच विषय चालू आहे.

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दोन तट पडलेत. एका बाजूचं म्हणणं, शिर सलामत तर पगडी पचास. पोरांना लस येईपर्यंत शाळेचं नाव नको. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, दीड वर्ष झालं, आता उघडा सगळ्या शाळा. पहिल्या बाजूला मी कधीही नावं ठेवणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या घरांतून काय काय गेलं ते मी इथून फोनवर ऐकलंय. ऑक्सिजनचं सिलिंडर शोधत फिरलेल्या माणसाला ‘मुलांचं नुकसान होतंय’ असं सांगायला जाणं सोपं नाही. माझी तक्रार वेगळी आहे. दोन्ही बाजू शाळा एकतर पूर्ण उघडी नाहीतर पूर्ण बंद असंच धरून चालल्यात, आणि आपलं सरकारही तसंच धरून चाललंय.

इंग्लंडने या साथीत खूप चुका केल्या. या जानेवारीत प्राथमिक शाळा सुट्टीनंतर एक दिवस भरल्या आणि त्याच संध्याकाळी पंतप्रधानांनी त्या बंद केल्या. मुलं दिवसभर एकमेकांत मिसळून घरी आली होती. गेल्या वर्षी परीक्षा न घेता निकाल लावताना एक सूत्र वापरलं गेलं, त्यात शाळेचे जुने निकाल धरले होते. शिक्षकांनी दिलेल्या श्रेण्यांपैकी जवळजवळ ४० टक्के खाली आल्या, मुलं रस्त्यावर उतरली आणि १७ ऑगस्टला सरकारला ते सूत्र मागे घ्यावं लागलं. या जुलैत एकाच वेळी दहा लाखांहून जास्त मुलं कोविडच्या कारणाने वर्गाबाहेर होती, कारण गटात एक बाधित निघाला की अख्खा गट दहा दिवस घरी. म्हणून ‘इंग्लंडसारखं करा’ असं मी म्हणत नाही.

पण एक गोष्ट इथे पहिल्या दिवसापासून झाली, तिच्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलताना मला दिसत नाही. २० मार्च २०२० ला इथल्या शाळा ‘बंद’ झाल्या तेव्हाही दार पूर्ण लागलं नव्हतं. रुग्णालयात, दुकानात, बसवर काम करणाऱ्यांची मुलं आणि ज्यांच्या घरची परिस्थिती नाजूक आहे अशी मुलं रोज शाळेत जात होती. यंदाच्या जानेवारीतल्या बंदीत तर सरकारने त्या यादीत आणखी मुलं घातली: ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही किंवा घरी बसून अभ्यास करायला शांत जागा नाही, तीही शाळेत येऊ शकतात.

मी एका रुग्णालयाच्या औषध विभागात काम करते, म्हणून माझी मुलगी त्या काळात शाळेत जायची. तिच्या वर्गातली अकरा मुलं मोठ्या खोलीत लांब लांब बसलेली. खिडक्या सताड उघड्या, जानेवारीची थंडी, त्यामुळे अंगात कोट घालूनच लिहायचं. बाई समोर बसून घरी असलेल्या बाकीच्या मुलांना कॅमेऱ्यातून तोच धडा शिकवायच्या, म्हणजे शिकवणं एकच, फक्त बसण्याच्या जागा दोन. तिच्या शेजारच्या बाकावर एक मुलगा होता, दोन खोल्यांच्या घरात चार भावंडांतला. त्याची आई कसल्याही अत्यावश्यक सेवेत नव्हती. घरी त्याला बसायला टेबल नव्हतं, एवढं कारण पुरलं.

याच शहराने दुसरंही एक पाहिलं. गेल्या वर्षी जूनअखेरीस बाकी देश मोकळा होत असताना एकट्या लेस्टरला पुन्हा कुलूप लागलं. रुग्ण इथे वाढले होते म्हणून इथल्या शाळा पुन्हा बहुतेकांसाठी बंद झाल्या; पलीकडच्या शहरांतल्या झाल्या नाहीत. आम्हाला ते फार लागलं, पण त्यामागचा हिशेब बरोबर होता. जिथे आग तिथे पाणी.

आणि हा हिशेब आपल्याकडे माहीत नाही असं नाही! जुलैत आपल्याच सरकारने ठरवलं होतं की ज्या गावात महिनाभर रुग्ण नाही, तिथे ग्रामपंचायतीने ठराव करून आठवी ते बारावीचे वर्ग भरवावेत. सरपंच, मुख्याध्यापक, तलाठी, वैद्यकीय अधिकारी यांनी एकत्र बसून आपल्या गावापुरतं ठरवायचं. हे धोरण मला इंग्लंडपेक्षाही शहाणपणाचं वाटतं, कारण इथे सगळं लंडनहून ठरत होतं. मग ते खालच्या वर्गांपर्यंत न्यायची वेळ आली तेव्हा सगळ्या राज्याला एकच तारीख आणि मग एकच स्थगिती कशासाठी? मुंबईतल्या सत्तर मुलांच्या वर्गाची भीती खरी आहे. पण ती बावीस पटाच्या वस्तीशाळेला कशी लागू होते?

माझी मावसबहीण बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषद शाळेत शिकवते. १७ तारखेसाठी ताईने वर्ग धुऊन घेतले होते, फरशीवर चुन्याने बसायच्या खुणा केल्या होत्या. दीड वर्षात ती आणि तिचे सहकारी घरी बसलेले नाहीत. सर्वेक्षण केलं, चेकपोस्टवर उभे राहिले, घरोघर तांदूळ-डाळ पोचवली आणि मधल्या वेळात मारुतीच्या देवळाच्या मंडपात पाच-सहा पोरं बसवून शिकवलंही. ऑनलाइन म्हणाल तर घरात फोन एक, तो सकाळी बापाबरोबर रानात जातो आणि अंधार पडल्यावर परत येतो. तिच्या चौथीत एक मुलगी आहे. शाळा बंद झाली तेव्हा ती दुसरीत होती. परवा ताईने तिला पाटीवर ‘सूर्य’ वाचायला दिलं. तिने ‘सू’ वाचलं आणि थांबली. रफार ओळखू येईना. ही मुलगी हुशार आहे, ताई म्हणाली, दुसरीत सगळ्यांत आधी हात वर करायची.

आता या मुलीसाठी आपली अभ्यासाची योजना काय आहे? अभ्यासक्रम २५ टक्के कमी केला, सलग दुसऱ्या वर्षी. जुलै-ऑगस्टसाठी पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम दिला, तो फोनवर पीडीएफ होऊन आला. चौथीच्या पुस्तकातले धडे गाळून तिला रफार येणार नाही, आणि जिला वाचता येत नाही तिला वाचायला पाठवलेला सेतू तिच्यापर्यंत पोचत नाही. सेतूची कल्पना मला मनापासून पटते. मागच्या इयत्तेतलं काय राहिलं ते बघून तिथून पुढे न्यायचं, हेच करायला हवं. पण त्यासाठी मुलाच्या समोर माणूस बसावा लागतो. इथेही हीच रड आहे, हे सांगायला हवं. मुलांचं बुडालेलं भरून काढायला १५ अब्ज पौंड लागतील असं सरकारने स्वतः नेमलेल्या शिक्षणतज्ज्ञांनी, सर केव्हन कॉलिन्स यांनी, सांगितलं. सरकारने त्या वेळी १.४ अब्ज दिले आणि जूनमध्ये त्यांनी राजीनामा दिला. एवढा पैसा असलेल्या देशाचं हे.

मोठ्या मुलांच्या बाबतीत आपली चर्चा गुणांपाशीच अडकलीये. दहावीचा निकाल ९९.९५ टक्के लागला. शंभरातले पन्नास गुण नववीवरून धरले, आणि त्या मुलांच्या नववीची शेवटची परीक्षा साथीमुळे झालीच नव्हती. इंग्लंडमध्ये यंदा निदान एक न्याय झाला: शिक्षकांनी श्रेणी द्यायच्या, पण जेवढं प्रत्यक्ष शिकवलं तेवढ्यावरच, आणि पुरावा म्हणून वर्गातल्या चाचण्या, लेखी काम दाखवायचं. तरी ए लेव्हलला जवळपास ४५ टक्के श्रेणी ए किंवा त्यावरच्या आल्या. साथीआधी त्या २५ टक्क्यांच्या आसपास असत. विद्यापीठं आता डोक्याला हात लावून बसलीत. तेव्हा गुण फुगले म्हणून एकट्या महाराष्ट्राला दोष देण्यात अर्थ नाही. पण अकरावीच्या दारात आलेल्या मुलाला बीजगणित किती येतं हे वर्गशिक्षकाने पहिल्या पंधरवड्यात तपासावं आणि तिथून सुरुवात करावी, याला ना सीईटी लागते ना न्यायालय.

टास्क फोर्सच्या डॉक्टरांना तिसऱ्या लाटेची धास्ती आहे, आणि ती त्यांनी बोलून दाखवायलाच हवी. शिक्षकांना लस आधी द्या, हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. इंग्लंडने शिक्षकांना तो अग्रक्रम दिला नाही आणि ते चुकलं. पण ‘दिवाळीनंतर बघू’ असं जे आता ऐकू येतंय, त्याचा अर्थ बीडमध्ये काय होतो ते मुंबईत बसून ठरवणाऱ्यांनी विचारून घ्यावं. ताईच्या शाळेतल्या निम्म्याहून जास्त मुलांचे आईबाप ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक लागतात. गावात शाळा भरत असली आणि हंगामी वसतिगृह चालू असलं, तर पोरं आजीपाशी मागे राहतात. शाळा बंद असली तर मागे कशासाठी ठेवायची? ती कोयत्याबरोबर कारखान्यावर जातात आणि एप्रिलमध्ये परत येतात. म्हणजे दिवाळीनंतर शाळा उघडली, तरी त्यांचं हेही वर्ष गेलं.

यंदा दसरा १५ ऑक्टोबरला आहे. अजून दोन महिने आहेत. गावात रुग्ण नसेल तर ज्यांच्या घरी फोन नाही आणि ज्यांचे आईबाप तोडीला जाणार आहेत, एवढ्याच मुलांना आधी बोलवा. दहा-दहांचे गट, उघड्या खिडक्या किंवा सरळ झाडाखाली, रोज दोन तास, फक्त वाचन आणि गणित. कोणाला बोलवायचं ती यादी करायला मंत्रालयातून कुणी यायला नको. ताईला ती नावं तोंडपाठ आहेत.