ट्रेनर निवडायचे ‘चार सोपे नियम’: त्या फॉरवर्डला उत्तर

जानेवारी उजाडला की आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो. पर्सनल ट्रेनर लावायचे चार नियम: आधी त्याची बॉडी बघा, दुसऱ्या दिवशी अंग दुखलं नाही तर पैसे पाण्यात, वर्षाचं पॅकेज एकदम घ्या, स्वस्त पडतं, डाएट आणि पावडर त्याच्याकडूनच घ्या. यंदा तो धाकट्या दिराने पाठवला, म्हणून लिहायला बसले.

बॉडी बघा म्हणे. कोल्हापूरच्या एखाद्या जुन्या तालमीत जाऊन बघा. कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कडेला बसलेल्या वस्तादांचं वय झालेलं असतं, पोट सुटलेलं असतं. पण पोराने पट काढताना, म्हणजे समोरच्याचा पाय धरून पाडायचा डाव करताना, पाय चुकीचा टाकला की त्यांची हाक आलीच. स्वतः अंग कमावणं वेगळं आणि दुसऱ्याच्या अंगातली चूक दिसणं वेगळं. शिवाय ती बॉडी कशाने आली हेही बाहेरून कळत नाही. जिममध्ये ज्याला ‘सायकल’ म्हणतात तो स्नायू फुगवणाऱ्या स्टेरॉइडचा कोर्स असतो, आणि ही औषधं आपल्याकडे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. बघायचंच असेल तर सर्टिफिकेट बघा. आपल्याकडे ट्रेनर व्हायला सक्तीचं लायसन्स नाही. काळा टी-शर्ट घातला की झाला ट्रेनर. एसीई, एनएससीए यांसारख्या ट्रेनरची परीक्षा घेणाऱ्या अमेरिकन संस्थांचं सर्टिफिकेट मात्र त्यांच्या साइटवर तपासता येतं. सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलं तर छाती दाबून करायचा प्रथमोपचार, शिकलाय का, हेही विचारा. यात लाजायचं काय?

दुसरा नियम मी स्वतः भोगलाय. एक्कावन्नाव्या वर्षी जिम लावली. पहिल्याच दिवशी ट्रेनरने शंभर स्क्वॉट काढून घेतले. दुसऱ्या दिवशी मी कमोडवर बसताना नळ धरला होता आणि जिना उलटी उतरत होते. तो खूश: “मॅडम, लागलंय म्हणजे काम झालंय!”

काम झालेलं नव्हतं. सवय नसलेल्या स्नायूंवर एकदम ताण आला की 24 ते 72 तास ते चांगलेच दुखतात. तोच व्यायाम पुढे पुढे केला की दुखणं कमी होतं, ताकद मात्र वाढत राहते. दुखणं हेच माप धरलं तर सहा महिन्यांनी प्रत्येक चांगला ट्रेनर नापास ठरेल. तालमीत नव्या पोराला जोर-बैठका थोड्यापासून वाढवत नेतात, ते उगाच नाही. अति झालं तर स्नायू फुटून त्यातलं द्रव्य रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडांवर बेततं. व्यायामानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर ट्रेनरला नाही, थेट डॉक्टरला गाठायचं.

दुसऱ्या ट्रेनरने पहिल्या दिवशी वजनाला हातच लावू दिला नाही. बीपीची गोळी कुठली, छातीत कधी दुखतं का, चक्कर येते का, असे प्रश्न विचारले. व्यायाम सुरू करण्याआधी तब्येत विचारणारी पार-क्यू नावाची सात प्रश्नांची यादी असते, त्याच धर्तीचे. मग प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून पाच वेळा उठबस करायला लावली आणि बाजूला उभा राहून बघत बसला. “उजवा गुडघा आत येतोय, काकू,” एवढंच म्हणाला आणि वहीत लिहून ठेवलं. मला वाटलं, एवढ्यासाठी पैसे? महिन्याभरात जिना सुलटा उतरायला लागले.

वर्षाच्या पॅकेजबद्दल फार बोलत नाही. ट्रेनर जिम बदलतात, कधी जिमच बंद पडते. आधी एक ट्रायल, मग महिन्याची बारा सेशन घ्या. सुट्टी घेतली तर सेशन बुडतं की पुढे जातं, ट्रेनर सोडून गेला तर पैशांचं काय, हे पावतीवर लिहून घ्या. तोंडी “होईल हो मॅडम” चालणार नाही.

राहिली पावडर. तब्येत चांगली असलेल्या मोठ्या माणसाला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीप्रमाणे किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात; साठ किलोच्या बाईला साधारण पन्नास ग्रॅम. व्यायाम करणाऱ्याला थोडी जास्त लागतील, पण डाळ, दही, पनीर, सोयाबीन यांतून बरीचशी भागतात. डबा विकण्यावर ट्रेनरला कमिशन असेल तर तुमची गरज तो कशी मोजणार? मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल तर आहार ठरवणं हे त्याचं कामच नाही, ते डॉक्टर आणि डाएटिशियनचं.

पहिल्या ट्रेनरचा डाएटचा कागद अजून माझ्याकडे आहे. वर दुसऱ्याच कुणाचं नाव खोडून माझं लिहिलंय, आणि खाली सकाळी सहा अंडी. आमच्या घरात अंडं येत नाही. त्याने विचारलंच नव्हतं.