डॉलरवरची ओळ आणि चर्चमधलं पुस्तकांचं दुकान

गेल्या महिन्यात एकच संदेश मला तीन नातेवाइकांकडून आला. त्याचा सारांश असा: अमेरिका देव मानणाऱ्यांनी उभारली, म्हणून तिच्या नोटेवर देवाचं नाव आहे आणि म्हणूनच ती महासत्ता झाली. युरोपातल्या सरकारांनी धर्म हद्दपार केला, तिथे चर्चमध्ये दुकानं थाटली गेली आणि आता तो खंड संपत चालला आहे. सोबत एका भव्य चर्चमधल्या पुस्तकांच्या कपाटांचा फोटो. पाठवणारे तिघेही सज्जन आणि मनापासून श्रद्धाळू आहेत. म्हणूनच त्यांना सविस्तर उत्तर द्यावंसं वाटलं.

आधी खरं ते मान्य करतो. अमेरिकन माणूस युरोपातल्या माणसापेक्षा सरासरीने जास्त धार्मिक आहे. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन पाहणी संस्थेच्या 2018 च्या अहवालात रोज प्रार्थना करणारे प्रौढ अमेरिकेत 55 टक्के होते, जर्मनीत 9 आणि ब्रिटनमध्ये 6. एवढा मोठा फरक कुणी नाकारू नये. संदेश चुकतो तो या फरकाची कारणं सांगताना.

"अमेरिकेच्या पायातच देव आहे, डॉलर बघा"

डॉलरवरची 'आमचा देवावर विश्वास आहे' ही ओळ राष्ट्रनिर्मात्यांनी लिहिलेली नाही. यादवी युद्धाच्या काळात, 1864 मध्ये, ती पहिल्यांदा दोन सेंटच्या नाण्यावर आली. देशाचं अधिकृत ब्रीदवाक्य ती 1956 मध्ये झाली आणि कागदी नोटांवर 1957 पासून छापली जाऊ लागली. शाळेतल्या प्रतिज्ञेत देवाचा उल्लेख घातला गेला तो 1954 मध्ये. सोव्हिएत रशियाशी शीतयुद्ध चालू होतं आणि नास्तिक साम्यवादापेक्षा आपण वेगळे आहोत हे ठसवायचं होतं. 1787 च्या मूळ संविधानात मात्र सरकारी पदासाठी धर्माची कोणतीही अट घालता येणार नाही असं स्पष्ट कलम आहे. 1791 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने संसदेला अधिकृत धर्म स्थापन करायला मनाई केली. 1797 मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या त्रिपोलीशी झालेल्या तहात तर अमेरिकेचं सरकार कोणत्याही अर्थाने ख्रिस्ती धर्मावर उभारलेलं नाही, असं लिहिलं होतं आणि सिनेटने तो तह एकमताने मंजूर केला.

श्रद्धेसाठी समुद्र ओलांडून इंग्लंडमधून आलेले कडवे प्रोटेस्टंट, म्हणजे प्युरिटन, होते, हे खरंच. पण मॅसॅच्युसेट्समध्ये त्यांनी इतरांना ती मोकळीक दिली नाही. धर्मस्वातंत्र्य मागणाऱ्या रॉजर विल्यम्स या पाद्र्याला हाकलून लावलं. क्वेकर पंथाच्या मेरी डायरला 1660 मध्ये बॉस्टनमध्ये फाशी दिलं. स्वातंत्र्याच्या सुमारास जेमतेम 17 टक्के लोक कुठल्या चर्चशी जोडलेले असावेत, असा काही समाजशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. विसावं शतक उजाडेपर्यंत हे प्रमाण वाढून निम्म्या लोकसंख्येपर्यंत पोहोचलं. अमेरिकेतली चर्चं भरत गेली ती सरकारी आधार सुटल्यानंतर. इथेच मला या सगळ्याचं मर्म दिसतं.

"युरोपात सरकारांनी धर्म हद्दपार केला"

फ्रान्सने 1905 च्या कायद्याने राज्य आणि चर्च वेगळे केले, एवढं बरोबर. तरी त्याच फ्रान्सच्या अल्सास आणि मोझेल भागात तो कायदा लागू नाही आणि तिथल्या धर्मगुरूंना आजही सरकारी पगार मिळतो. बाकी युरोपात तर चित्र बहुतेक ठिकाणी उलटंच आहे. इंग्लंडचा राजा तिथल्या चर्चचा प्रमुख असतो आणि 26 बिशप संसदेच्या लॉर्ड्स सभागृहात बसतात. डेन्मार्कचं राष्ट्रीय चर्च संविधानातच आहे आणि 70 टक्क्यांहून जास्त लोक त्याचे सभासद आहेत. ग्रीस आणि आयर्लंड यांच्या संविधानांची सुरुवातच ख्रिस्ती त्रिमूर्तीच्या नावाने होते.

जर्मनीत नोकरीला होतो तेव्हा पहिल्याच आठवड्यात नगरपालिकेच्या नोंदणी अर्जावर धर्माचा रकाना भरावा लागला. तो कराच्या हिशेबासाठी होता. चर्चच्या सभासदांच्या पगारातून प्राप्तिकराच्या 8 किंवा 9 टक्के चर्चकर कापला जातो आणि तो गोळा करतं सरकारी कर खातं. शेजारच्या टेबलावरची सहकारी वर्षानुवर्षं चर्चमध्ये गेली नव्हती, पण कर भरत होती. "आजीच्या अंत्यविधीला पाद्री लागेल ना," असं ती म्हणायची. सभासदत्व सोडायचं तर सरकारी कचेरीत जाऊन तसं नोंदवावं लागतं. 2022 मध्ये एकट्या कॅथलिक चर्चमधून पाच लाखांहून अधिक लोकांनी तसं केलं. पश्चिम युरोपात असे नावापुरते ख्रिस्ती खूप आहेत. त्यांना नास्तिक म्हटलं तर त्यांनाच पटणार नाही.

अमेरिकेत हा आधार नाही. पाद्र्याचा पगार, इमारतीचं छप्पर, रविवारची शाळा, सगळं जमलेल्या लोकांच्या वर्गणीतून. माणसं आली नाहीत तर दार बंद. मग प्रत्येक पंथ माणसांमागे धावतो, नव्या गावात नवख्या कुटुंबाला जेवायला बोलावतो, मुलांना सांभाळतो.

हा फरक आपल्या पंडिता रमाबाईंनी स्वतः अनुभवला होता. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण चेल्टनहॅममध्ये त्यांनी पुरुषांना शिकवावं असा विचार पुढे येताच मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. 1886 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी. तिथे गावोगावी भाषणं दिली. 1887 मध्ये बॉस्टनला त्यांच्या मदतीसाठी संस्था उभी राहिली. तिच्यात वेगवेगळ्या पंथांचे लोक एकत्र आले आणि त्यांच्या वर्गणीतून 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं.

"चर्चची दुकानं झाली, फोटो बघा"

फोटो खरा आहे. ते नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टचं डॉमिनिकन चर्च, तेराव्या शतकातलं. पण ते 1794 मध्ये फ्रेंच सैन्याने ताब्यात घेतलं तेव्हाच तिथली उपासना थांबली. पुढे दोनशे वर्षं तिथे कधी घोडे बांधले, कधी सायकली ठेवल्या. पुस्तकांचं दुकान आलं 2006 मध्ये. आजच्या नास्तिकतेचा पुरावा म्हणून हा फोटो चालणार नाही. चर्चच्या इमारती अमेरिकेतही विकल्या जातातच.

"युरोप देवाला विसरला"

कुठला युरोप? पोलंड आणि चेक प्रजासत्ताक एकमेकांना लागून आहेत. दोघेही स्लाव, दोघांवरही चार दशकं साम्यवादी राजवट. तरी पोलंड आजही युरोपातल्या धार्मिक देशांत मोडतो आणि चेक लोक जगातल्या सर्वांत कमी धार्मिक लोकांत. शिक्षण किंवा पैसा यावरून हे उलगडत नाही. शेजारच्या साम्राज्यांनी वाटून घेतल्याने पोलंड नकाशावरून पुसला गेला होता तेव्हा पोलिश भाषा आणि पोलिशपण चर्चने जपलं. 1979 मध्ये पोलिश पोप जॉन पॉल दुसरे मायदेशी आले, तेव्हा लाखो लोक जमले आणि सरकारला काही करता आलं नाही. चेक लोकांच्या आठवणीत चर्च परक्याच्या बाजूचं आहे. त्यांचा धर्मसुधारक यान हुस 1415 मध्ये जाळला गेला. 1620 च्या व्हाइट माउंटनच्या लढाईत चेक सरदार हरल्यानंतर ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्यातल्या राजांनी कॅथलिक पंथ त्यांच्यावर लादला. एका देशात चर्च पिचलेल्यांच्या सोबत उभं राहिलं, दुसऱ्यात राजाच्या.

"श्रद्धा अढळ म्हणून महासत्ता"

अढळ कुठे? गॅलप या पाहणी संस्थेच्या आकड्यांत चर्च, सिनेगॉग किंवा मशिदीचे सभासद असलेले अमेरिकन 1999 मध्ये 70 टक्के होते, 2020 मध्ये 47. प्यूच्या पाहणीत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे 2007 मध्ये 78 टक्के होते, 2023-24 मध्ये 62. याच काळात डॉलरही तोच होता आणि सैन्यही तेच. धर्म सुटला की समाज कोसळतो म्हणावं, तर बहुतेक जण नावापुरतेच चर्चचे सभासद असलेल्या डेन्मार्कमध्ये लोकसंख्येच्या मानाने खून अमेरिकेपेक्षा कितीतरी कमी होतात.

या संदेशाला काही जण "शिकले, श्रीमंत झाले की देव सुटतो" असं उत्तर देतात. तेही मला मान्य नाही. वर सांगितलेल्या प्यूच्या अहवालात 102 देश तपासले होते. त्यांत संपत्ती आणि रोजची प्रार्थना दोन्ही सरासरीपेक्षा जास्त असलेला देश एकच निघाला, अमेरिका. म्हणजे श्रीमंतीसोबत प्रार्थना टिकू शकते. ती टिकली कशी, हे शोधायचं तर चर्चमध्ये फिरवल्या जाणाऱ्या त्या वर्गणीच्या ताटलीकडे बघावं लागेल. आणि गेल्या पंचवीस वर्षांत तिथलेही सभासद का कमी झाले, हे उठून गेलेल्यांनाच विचारावं लागेल.