आयटीआय झालं की महिना पन्नास हजार? मुद्दे तपासू

दहावीचा निकाल लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर हटकून फिरतो: इलेक्ट्रिशियनचा आयटीआय करा, दोन वर्षांत महावितरणला पर्मनंट लागा, महिना पन्नास हजार घ्या; नाहीच लागलं तर घरोघरची वायरिंग करून त्याहून जास्त कमवा. ट्रेड चांगलाच आहे. पण आईबाप या मजकुरावर विसंबून निर्णय घेतात, म्हणून हे लिहितोय.

‘लगेच पर्मनंट.’ साफ चूक. डिसेंबर २०२३ मध्ये महावितरणमध्ये विद्युत सहाय्यकाच्या ५,३४७ जागा निघाल्या, अख्ख्या महाराष्ट्रासाठी आणि स्पर्धा परीक्षेतून. पहिली तीन वर्षं कंत्राटी, मानधन १५,०००, १६,००० आणि १७,००० रुपये. तंत्रज्ञ म्हणून नियमित वेतनश्रेणी त्यानंतर.

‘अप्रेंटिस केली की तिथेच घेतात.’ १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार नोकरी देण्याचं बंधन मालकावर नाही.

‘नोकरी नाही तर स्वतःची कामं घ्या.’ खरी ग्यानबाची मेख इथे आहे. नव्या मीटरसाठी टेस्ट रिपोर्ट, म्हणजे वायरिंग तपासल्याचा अहवाल, लागतो आणि त्यावर परवानाधारक ठेकेदाराची सही लागते. भिंतीत झिरी मारणारा, पाइप टाकून वायर ओढणारा, बोर्ड भरणारा, शेवटी मेगर लावून इन्सुलेशन तपासणारा पोरगा एकच असतो, पण त्याची सही चालत नाही. म्हणून घरमालक पैसे ठेकेदाराला देतो आणि पोराच्या हातात रोजंदारी पडते, नाहीतर पॉइंटप्रमाणे मजुरी. तीही बिल्डरचं बिल निघेपर्यंत अडकते. आयटीआयचं प्रमाणपत्र आणि वायरमन परमिट (वायरिंगचं काम करायचा सरकारी परवाना) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कित्येकांना कामाला लागल्यावर कळतं. मला याचाच सर्वात जास्त राग येतो, कारण हे प्रवेशाच्या दिवशीच सांगता आलं असतं.

‘आता सोलरमुळे पैसाच पैसा.’ काम वाढलंय, हे खरं. फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत घराच्या छतावरच्या तीन किलोवॉट सोलरला ७८,००० रुपये अनुदान आहे. पण अनुदानाचं काम नोंदणीकृत व्हेंडरमार्फतच होतं. छतावर चढणारा तिथेही बहुधा रोजावरच.

तेव्हा प्रवेश जरूर घ्या. फक्त कोर्स संपला की वायरमन परमिट आणि पुढे सुपरवायझरच्या प्रमाणपत्रासाठी काय लागतं, ते विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात जाऊन विचारा. आणि ज्या ठेकेदाराकडे लागाल, त्याच्याकडून अनुभवाचा दाखला आणि पीएफ पहिल्या महिन्यापासून मागा.